परदेशातून भिक्खू आणि मूर्ती गावात येते तेव्हा: संस्कृतीचं नातं कुठवर चालतं

प्रश्न थोडक्यात असा. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावच्या विहार समितीला थायलंडमधल्या एका विहाराकडून बुद्धमूर्ती मिळणार आहे. सोबत आठ-दहा भिक्खू आणि तितकेच उपासक-उपासिका येतील. समिती विचारते: अशा सांस्कृतिक नात्याचा देशादेशांच्या संबंधात खरंच उपयोग होतो, की फोटोपुरताच? आणि कार्यक्रम नीट व्हावा म्हणून काय सांभाळावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी घेतो. तिथे अपेक्षा चुकली, की मांडवात सगळं बरोबर होऊनही पुढे वर्षभर निराशा पदरी पडते.

धर्म एक म्हणजे मतं एक, हा समज आधी सोडून द्या. थायलंड आणि कंबोडिया, दोन्ही थेरवादी, म्हणजे बौद्ध धर्माच्या एकाच शाखेचे देश. पहाटे दोन्हीकडे पिवळी चिवरं (भिक्खूंची वस्त्रं) घालून भिक्खू भिक्षाटनाला निघतात, दोन्हीकडे पाली सुत्तं म्हटली जातात. तरी सीमेवरच्या डांग्रेक डोंगरातल्या प्रेह विहिअर या देवळावरून त्यांचं वैर जुनं. १९६२ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने देऊळ कंबोडियाला दिलं, २००८ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, मग तोफा चालल्या, आणि जुलै २०२५ मध्ये सीमेवर पुन्हा युद्धासारखी लढाई झाली. गंमत अशी, की देऊळ मुळात शिवाचं. सामायिक वारसा जोडतो हे खरं, पण ‘वारसा कोणाचा’ हा वादही सामायिक वारशावरच होतो. ज्याच्याशी काही समाईक नाही त्याच्याशी धुरा-बांधाचं भांडण होत नाही.

दुसरं उदाहरण श्रीलंकेचं. मार्च २०१२ मध्ये जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत भारताने श्रीलंकेला नको असलेल्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कपिलवस्तूचे बुद्धधातू, म्हणजे बुद्धांचे अस्थिअवशेष, दर्शनासाठी श्रीलंकेत गेले. धातू पाठवून मतदानाचा राग पुसला गेला नाही. पण सरकारी पातळीवर ताण असताना लोकांच्या पातळीवर येणंजाणं चालू राहिलं. पुढे २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोरीत गेली, भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली, आणि तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनचं ‘युआन वांग ५’ हे जहाज भारताचा आक्षेप असताना श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराला लागलं. म्हणजे ना धातू, ना पैसा, कशानेच दुसऱ्याचा निर्णय विकत मिळत नाही. दार मात्र बंद होत नाही. सांस्कृतिक संबंधांचा हिशेब एवढाच मांडावा.

विदर्भातल्या माणसाला हे संत्र्यावरून लवकर पटेल. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. बंगालशी आपली संस्कृती जवळची, मुक्तियुद्धाची आठवण आहे, सगळं आहे. तरी डॉलर वाचवायला ढाक्याने फळांवरचं शुल्क वाढवत नेलं, २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टक्यांवर गेलं, आणि इकडे राज्य सरकारला किलोमागे ४४ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. शुल्काचं गणित तिजोरी ठरवते. तेव्हा ‘मूर्ती आली, आता थायलंड आपला तांदूळ घेईल’ असली भाषणं व्यासपीठावरून होऊ देऊ नका. पाहुण्यांनाही अवघडल्यासारखं होतं. ते स्वतः तांदूळ निर्यात करणारे आहेत.

मग मूल्यं काम करतात तरी कुठे? बहुतेक वेळा वागण्याच्या रीतीत. आग्नेय आशियातल्या देशांची आसियान ही संघटना ८ ऑगस्ट १९६७ ला बँकॉकमध्ये स्थापन झाली. तिची निर्णयाची पद्धत इंडोनेशियन समाजातल्या ‘मुशावरा’ (विचारविनिमय) आणि ‘मुफाकत’ (एकमत) या शब्दांनी ओळखली जाते. आपल्याकडच्या सल्लामसलतीतला ‘मशवरा’ त्याच अरबी घराण्यातला. रीत अशी: उघड मतदान नाही, चारचौघांत कोणाला खाली पाहायला लावायचं नाही, आधी आतल्या खोलीत बोलून घ्यायचं आणि एकमत झालं की मगच बाहेर यायचं. २००७ साली आपल्या राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या समितीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वाद कागदावर जाण्याआधी मिटवायचा तर दोघांचीही इज्जत राखावी लागते.

या रीतीचा तोटाही तंटामुक्तीसारखाच आहे. एक माणूस अडून बसला की सगळंच अडतं. २०१२ मध्ये नॉम पेन्हला दक्षिण चीन समुद्रावरून आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांना संयुक्त निवेदनच काढता आलं नाही; ४५ वर्षांत पहिल्यांदा असं झालं. म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता घेतल्यावर पाच कलमांवर सहमती झाली, ती बरीचशी कागदावरच राहिली. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेतही निर्णय एकमतानेच आहेत, शिवाय दोन देशांमधले वादाचे विषय तिथे काढायचेच नाहीत असं लिहिलेलं आहे. नियम जवळजवळ तोच, आणि शेवटची शिखर बैठक २०१४ ची, काठमांडूची. एकमताचा नियम असून भागत नाही, आतल्या खोलीत आधी बसायची सवयही लागते.

विदर्भाला ही देवाणघेवाण नवीन नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना ज्यांच्याकडून दीक्षा मिळाली ते महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या अराकानचे, राहायला कुशीनगरला. वर्ध्याचा शांतिस्तूप जपानी निप्पोनझान म्योहोजी पंथाचा, कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीतून १९९९ ला उभं राहिलं. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात कोटणिसांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पाहुण्यांना माहिती द्यायची तर ही द्या. तुमच्या तालुक्याजवळ पवनी असेल तर तिथले उत्खननात सापडलेले स्तूप दाखवा. थायलंडच्या उपासकाला बोधगया, सारनाथ पाठ असतं, पवनी नसते.

आता दुसरा प्रश्न. इथे मी जास्त वेळ घेणार, कारण बिघडतं ते इथेच.

तारीख. ‘अशोक विजयादशमीला बोलावू’ हाच पहिला विचार मनात येतो. थेरवादी भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच विहारात राहायचा काळ, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. विजयादशमी त्या पौर्णिमेच्या पाच दिवस आधी येते, म्हणजे वर्षावासात. या काळात योग्य कारण असेल तर सात दिवसांच्या आत परतायच्या बोलीवर भिक्खूला बाहेर पडता येतं, पण मूर्तीसाठी परदेशप्रवास हे कारण त्यांच्या मठाधिपतींना पटेलच असं नाही. आलेच तर मुक्काम आखडता घेतील. आश्विन पौर्णिमेनंतरचा महिना त्यांच्याकडे कठिन चीवरदानाचा, म्हणजे वर्षावास केलेल्या संघाला वस्त्र देण्याचा, त्या महिन्यात विहार सोडवत नाही. म्हणून कार्तिक पौर्णिमेनंतर ते माघापर्यंतचा काळ धरा. धान निघालेलं असतं, ऊन कमी असतं, माणसंही मोकळी असतात. अधिक महिन्याच्या वर्षी त्यांचं पंचांग आणि आपलं पंचांग महिनाभराने सरकू शकतं, तेव्हा पौर्णिमा कुठली हे तोंडी न ठरवता इंग्रजी तारखेनिशी लेखी घ्या.

व्हिसा. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. पर्यटक व्हिसावर धर्मस्थळाला भेट देता येते, प्रवचन ऐकता येतं. धर्मस्थळी भाषण करणं, उपदेश करणं, धार्मिक पत्रकं वाटणं चालत नाही. पाहुणे पर्यटक व्हिसावर येतात, आपण फ्लेक्सवर ‘पूज्य भन्तेंची धम्मदेसना’ छापतो, कोणीतरी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन येतो. उपाय साधा आहे. कार्यक्रमात देसना, म्हणजे धर्मोपदेश, आहे हे निमंत्रणपत्रात स्पष्ट लिहा आणि ते पत्र घेऊन त्यांनी बँकॉकच्या भारतीय दूतावासात योग्य प्रकारचा व्हिसा मागावा. कुठला प्रकार लागेल ते दूतावास ठरवतो, समितीने अंदाज बांधू नये. वेळ कमी असेल तर देसना गावात राहणाऱ्या भारतीय भन्तेंनी द्यावी, पाहुण्यांनी परित्राणपाठात (सुत्तांच्या पठणात) नुसतं बसावं आणि पत्रिकेतही तसंच छापावं.

मुक्कामाची नोंद. परदेशी माणूस हॉटेलात, धर्मशाळेत, विहारात की कोणाच्या घरी उतरतो याने फरक पडत नाही. जो उतरवून घेतो त्याने २४ तासांच्या आत विदेशी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरायची. याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा, भारतात उतरल्याची तारीख आणि फोटो लागतो. त्या संकेतस्थळावर विहाराचं खातं काढायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधीच जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या विदेशी शाखेत जाऊन या. पोलीस पाटलाला आणि ठाणेदाराला पाहुण्यांच्या नावांची यादी आधी द्या. वीस माणसांची नोंद रात्री नऊ वाजता, नेट जात-येत असताना करायला बसू नये.

मूर्ती. परदेशातून संस्थेला फुकट मिळालेली वस्तू हीसुद्धा कायद्याने ‘विदेशी योगदान’ ठरते, मग तिच्यासोबत एक रुपयाही रोख आलेला नसो. म्हणजे विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी हवी, नाहीतर त्या एका देणगीपुरती पूर्वपरवानगी. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेला हवा. गावच्या समितीला हे बहुधा जमत नाही. पूर्वपरवानगीसाठी देणाऱ्याचं वचनपत्र लागतं: कोण देणार, काय देणार, किंमत किती, कशासाठी. रोख रक्कमही येणार असेल तर ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घेता येते. ‘सचिवाच्या खात्यावर पाठवा, आपण पावती फाडू’ हा मार्ग सचिवाला अडचणीत आणतो, देणाऱ्याचीही नाचक्की होते.

तिकडच्या बाजूलाही कागद आहे. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो, मूर्ती नवी असली तरी. तो परवाना, किमतीचं पत्रक आणि लाकडी पेटीवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का, या तिन्हींचे फोटो जहाज सुटण्याआधी मागवा. शिक्का नसलेल्या लाकडाने बंदरात पेटी अडते आणि भाडं रोजचं चढतं. वजन किलोत आणि मापं सेंटीमीटरमध्ये घ्या. ‘सहा फुटी मूर्ती’ म्हणजे सिंहासनासह की सिंहासन सोडून, हे न विचारल्यामुळे चौथरा फोडून पुन्हा बांधावा लागतो. विहाराच्या दाराची रुंदी मोजून ठेवा. भरीव पितळी मूर्ती असेल तर चौथऱ्याचा पाया अभियंत्याला दाखवून घ्या; नुसत्या विटांच्या चौथऱ्यावर फरशी लावली की दिसायला छान दिसतो, पण काळ्या मातीवर तो पहिल्याच पावसाळ्यात एका बाजूने बसतो.

परतभेट म्हणून शेतात सापडलेला जुना कोरीव दगड किंवा नाणं देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर पकडले जातील ते पाहुणे. टसरचं कापड द्या, भंडाऱ्याचं पितळी भांडं द्या.

जेवण. थेरवादी भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत, सूर्य डोक्यावर येण्याची वेळ. भंडाऱ्याला ती नोव्हेंबरच्या मध्यात ११:५६ च्या सुमारास येते आणि फेब्रुवारीत १२:२५ च्या सुमारास. नोव्हेंबरचा कार्यक्रम असेल तर पावणेअकराला भोजनदान सुरू आणि साडेअकराला हात धुऊन मोकळे, असा हिशेब ठेवा. आपल्याकडे प्रमुख पाहुणेच अकराला येतात, मग सत्कार, मग प्रास्ताविक. तोवर बारा वाजून जातात आणि दहा भिक्खू दिवसभर उपाशी राहतात. ते तोंडाने काही बोलणार नाहीत.

वाढायची पद्धतही वेगळी आहे. अन्न भिक्खूच्या अडीच हातांच्या आत येऊन हाताने अर्पण करावं लागतं आणि ती वस्तू एका माणसाला उचलता येईल एवढीच हवी. म्हणजे वरणाचा गंज समोर ठेवून ‘घ्या भन्ते’ म्हटल्याने ते दान होत नाही. एकदा अर्पण झालेल्या भांड्याला गृहस्थाने पुन्हा हात लावला तर ते पुन्हा अर्पण करावं लागतं. आपल्या पंगतीत वाढपी बादली-पळी घेऊन तीन-तीनदा फिरतात, ताटातली वाटी सरकवतात, वरून तूप सोडतात. तिथे भिक्खू हात आखडून बसतात आणि वाढणाऱ्याला वाटतं, चव आवडली नाही. त्यापेक्षा भात, वरण, दोन भाज्या, फळं अशा लहान वाट्या आधी भरून ताट पूर्ण लावा, एकदाच अर्पण करा आणि मागे सरा. दहा भिक्खूंना दीड किलो तांदूळ पुरतो. चिन्नोर असेल तर उत्तम. सुवासिक तांदळाची पारख त्यांना आपल्याइतकीच आहे. तर्री मात्र वेगळ्या वाटीत. त्यांना तिखट चालतं, पण आपल्या सावजी मसाल्याचा जड तिखटपणा त्यांच्या हिरव्या मिरचीच्या तिखटाहून निराळा.

मांसाहार विचारून ठरवा. थाई भिक्खूंना साधारणपणे चालतो, व्हिएतनामी भिक्खू असतील तर लसूण-कांदाही नको असतो.

दुपारनंतर गाळलेला फळांचा रस चालतो, न उकळलेला आणि गर नसलेला. संत्र्याचा रस दुहेरी फडक्यातून गाळून द्या. दुधाचा चहा देऊ नका, कोरा द्या. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, परवानगी असलेल्या आठ पेयांत आंबा, जांभूळ, फालसा आहेत, आणि मोहाचं पेयही आहे. मात्र सगळ्या फुलांच्या रसाला परवानगी देताना एकच फूल वगळलं आहे, तेही मोहाचंच. अडीच हजार वर्षांपूर्वीही मोहफुलाचं पुढे काय होतं हे लोकांना ठाऊक होतं, एवढंच म्हणायचं.

अरण्य परंपरेतले, म्हणजे रानातल्या विहारात राहून नियम कडक पाळणारे भिक्खू असतील तर आणखी एक बारकावा. बी असलेलं फळ गृहस्थाने नखाने किंवा सुरीने टोचून ‘कप्पियं भन्ते’ (‘खाण्यायोग्य केलं, भन्ते’) म्हटल्याशिवाय ते खात नाहीत. अख्खं संत्रं समोर ठेवलंत आणि कोणी हात लावला नाही तर कारण हे असेल. ढिगातलं एक टोचलं, बाकीची त्याला लागून असली, तरी सगळ्यांचं होतं.

सत्कार. शाल-श्रीफळ-हार हा आपला हात आपोआप उचलला जाणारा शिष्टाचार. भिक्खूच्या गळ्यात हार घालायचा नाही, फेटा तर नाहीच. फुलं तबकात ठेवून समोर अर्पण करा. नोटा हातात कोंबू नका. भिक्खूंची आसनं सगळ्यात उंच हवीत, आमदार-खासदारांपेक्षाही. यावरून व्यासपीठावर रुसवेफुगवे होतात, म्हणून भिक्खूंचा मंच वेगळाच बांधा. एकाच मंचावर खुर्च्यांची उंची ठरवत बसण्यापेक्षा हे सोपं. ध्वज लावायचे तर दोन्ही सारख्या मापाचे, तिरंगा प्रेक्षकांच्या डावीकडे. थायलंडच्या राजाचा फोटो फ्लेक्सवर घालू नका. तिथे राजाच्या अवमानाचा कायदा कडक आहे, आणि पावसात फाटून लोंबणारा राजाचा चेहरा पाहून पाहुण्यांना घाम फुटतो. रात्रीच्या भीमगीतांना भिक्खू बसणार नाहीत, त्यात अनादर नाही. उपासकांना जरूर बसवा.

आता नाजूक भाग. थाई परंपरेत भिक्खू स्त्रीच्या हातून थेट वस्तू घेत नाहीत, समोर कापड पसरून त्यावर ठेवायला सांगतात. आपल्याकडे विहार चालतो तोच उपासिकांच्या जोरावर. रांगेत उभ्या असलेल्या बाईला एखादा पोरगा ऐनवेळी ‘ताई, तुम्ही नका देऊ’ म्हणाला तर तिला ते विटाळासारखं लागणार, आणि लागायलाच हवं. म्हणून महिला मंडळाच्या बैठकीत हे आठवडाभर आधी सांगा: हा भिक्खूने स्वतःवर घातलेला नियम आहे, तुमच्यावरचा नाही. श्रीलंकेचे भिक्खू हातातून घेतात हेही सांगा, म्हणजे हा धम्माचा नव्हे, एका देशाच्या परंपरेचा भाग आहे हे कळतं. आणि पाहुण्यांनाही कळवा, की आमच्याकडे दानाच्या रांगेत स्त्री-पुरुष एकत्र असतील आणि कापड सगळ्यांसाठीच पसरलेलं असेल. मला हा तोडगा सगळ्यात बरा वाटतो: नियमही राखला जातो आणि कोणी वेगळं काढलंही जात नाही.

तसंच बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचं. थाई उपासक भारतात येताना गणपतीची लहान मूर्ती भेट म्हणून आणू शकतो. तिकडे ‘फ्रा फिक्खनेत’ आणि चतुर्मुख ब्रह्मा, ‘फ्रा फ्रोम’, यांची भक्ती बौद्ध लोकच करतात. भारतीय माणसाला गणपती आवडेलच, असा त्याचा साधा हिशेब. भिक्खू मनगटाला दोरा बांधतील, पाणी शिंपडतील, ताईत वाटतील. यातलं बरंच काही आपल्या प्रतिज्ञांशी आणि बाबासाहेबांच्या विचाराशी जुळत नाही. मांडवात कोणी ताईत झिडकारला तर दोन्ही बाजूंचा अपमान होतो. हे आधी पत्रात लिहिता येतं आणि लिहावंच. विहारात बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा शेजारी असतात, हेही फोटो पाठवून सांगा, कारण बुद्धमूर्तीच्या बरोबरीच्या उंचीवर माणसाची प्रतिमा त्यांना खटकू शकते. पाहुण्यांसाठी प्रतिमा हलवू नका. हलवलीत तर गावात जे होईल ते कुठल्याही राजदूताला मिटवता येणार नाही.

सामूहिक वंदना कोण म्हणवणार हेही ठरवा. ‘सम्मासम्बुद्धस्स’, ‘बुद्धं सरणं’ हेच शब्द त्यांच्या तोंडी ‘सम्मासम्फुत्थस्स’, ‘फुत्थं सरणं’ असे येतात. आपण ‘शरणं’ म्हणतो, तेही पाली नव्हे, पालीत ‘सरणं’. एकत्र म्हटलं की दुसऱ्या ओळीला गोंधळ आणि पोरांचं हसू. एकदा त्यांनी म्हणावं, एकदा आपण.

थाई माणसाच्या स्वभावातली एक गोष्ट वेगळी समजून घ्या. ‘क्रेंग जाय’ म्हणजे दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून स्वतःचं म्हणणं गिळणं. आपल्याकडचा आग्रह याच्या नेमका उलट. ‘अजून एक पुरी घ्याच’ म्हटलं की तो घेतो, पुन्हा म्हटलं की पुन्हा घेतो आणि रात्री पोट धरून बसतो. ‘सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ येणार. म्हणून पर्याय विचारा: गरम पाणी की साधं, खाली गादी की पलंग, सहाला निघायचं की सातला. दुभाषा त्यांच्यासोबतचा असू द्या, पण यादी तुमची असू द्या. पत्रव्यवहारातही ‘आम्ही विचार करू’ हे उत्तर नकार समजून पुढे चला, खोदून विचारू नका.

पुढच्या वर्षांसाठी ग्रामपंचायतीचा ठराव करून ‘भगिनी गाव’ करार करण्याची हौस कोणाला तरी येईलच. ग्रामपंचायतीने परदेशी संस्थेशी परस्पर करार करू नये, त्याला परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते. विहाराने विहाराला लिहिलेलं साधं पत्र पुरतं. कठिन चीवरदानाचं वचनही देऊ नका. त्यासाठी किमान पाच भिक्खूंचा संघ लागतो आणि गावच्या विहारात पाच भिक्खूंनी वर्षावास केलेला सहसा नसतो. थायलंडमध्ये ‘थोत फा पा’ नावाचं चीवरदान आहे, वर्षात केव्हाही, एका भिक्खूलाही करता येतं. दरवर्षी ठरल्या महिन्यात तेवढं एक मागा.

आणि आत्ता, थायलंडला होकार कळवण्याआधी, एका पानाचं पत्र लिहा. त्यात मूर्तीची उंची, वजन, धातू आणि किंमत विचारा. भिक्खू किती, कुठल्या परंपरेचे, एकवेळ जेवणारे की दोनवेळ, देसना देणार का हे विचारा. आपल्या बाजूने विदेशी योगदानाच्या परवानगीला किती महिने लागतील ते सांगा आणि ती हातात येईपर्यंत मूर्ती जहाजावर चढवू नका असं स्पष्ट लिहा. शेवटच्या परिच्छेदात बावीस प्रतिज्ञांचा इंग्रजी अनुवाद जोडल्याचा उल्लेख करा आणि विहाराच्या आतला एक फोटो लावा, ज्यात दोन्ही प्रतिमा नीट दिसतील.